आधी डोकं, मग पाटी

संत क्लेर कन्या विद्यालय, वसतिगृह,
अमरावती
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

आदरणीय माया आत्या,
सप्रेम जयभीम.

मी येथे खुशाल आहे. ऑफिसातला फोन सध्या बंद ठेवला आहे, म्हणून या रविवारी सगळ्या मुलींना घरी पत्र लिहायला सांगितले. हिवरखेडला बाबांना आणि आजीला वेगळे लिहिले आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर अभ्यास जोरात सुरू झाला. नववीला बीजगणित कठीण जाते, पण मी प्रयत्न करत आहे. शालेय मंत्रिमंडळात मला स्वच्छतामंत्री केले, हे तुला दिवाळीत सांगितलेच होते. दर सोमवारी लहान वर्गांतल्या मुलींची नखे, केस आणि गणवेश मी तपासते. सिस्टर फिलोमिना वसतिगृह पाहतात. त्या आता थकल्या आहेत, पण पहाटे सगळ्यांच्या आधी उठतात. तुझी आठवण काढतात. "माया लय भांडखोर होती," असे म्हणतात. केरळातून आलेल्या, पण बोलतात आपल्यासारख्याच.

आत्या, तू या शाळेत होतीस तेव्हा तुला मुली कधी हसल्या होत्या का? म्हणजे सगळ्यांसमोर? सहज विचारले.

मोबाईलवर कुणी काही दाखवले तर विश्वास ठेवू नकोस. इथे सर्व ठीक आहे.

तुझी आज्ञाधारक,
वर्षाली धर्मेंद्र तायडे


अकोला
गुरुवार, २० नोव्हेंबर

वर्षू बाई,
जयभीम.

तुहं पत्र भेटलं. त्यात मले तू कुठीच दिसली नाहीस. सिस्टरनं वाचून पास केलेली एक शहाणी पोरगी तेवढी दिसली. आमच्या वक्तीबी पत्र आधी सिस्टर वाचे, मंग टपालात पडे. म्हून हे मी टपालानं पाठवत नाही. अमरावती गाडीवरच्या किसनराव ड्रायव्हरजवळ देऊन राहिली. तो तुमच्या गेटवरच्या मैनाबाईले देईन. जवाब तिच्याचजवळ दे, अन् "आज्ञाधारक" नोको लिहू, मले खोकला येते.

सर्व ठीक आहे म्हणतेस! मी सध्या मेहकर गाडीवर आहे. परवा एका माणसाले तिकीट देऊन राहिली होती, तं त्यानं मोबाईलच माह्या नाकासमोर धरला. "पाहा कंडक्टरबाई, अमरावतीच्या कॉन्व्हेंटात काय चाललं." पाह्यला मी फोटो. निंबाखालचा धोंडा, त्याच्यावर वाकून बसलेली पोरगी, खांद्यावर पांढरं फडकं. सिस्टर फिलोमिनाचा एक हात पोरीच्या कपाळावर अन् डोळ्यावर, दुसऱ्या हातातल्या लोट्यातून डोक्यावर पाणी. पोरगी तोंड वासून रडून राहिली. खाली लिहिलेलं, पोरीले जबरीनं धरून बाटवलं.

वर्षू, मी पोट धरून हासली. त्या धोंड्यावर मी बसेल आहे की! सीताफळाच्या बिया वाटून केलेलं उवांचं पाणी होय ते. डोळ्यात एक थेंब गेला तं मिरची चोळल्यावानी आग होते, म्हून सिस्टर डोळ्यावर हात दाबून धरते. मी तं एकदा तिच्या हातालेच चावली होती. दिवाळीत घरी गेलेली पोरगी उवा घेऊनच येते. शाळा निघाली तेव्हापासूनचं हे काम आहे. कापसाच्या जिनिंगमधल्या बायांच्या पोरींले तेव्हा कोणी वर्गात बसू देत नव्हतं. जुन्या सिस्टरांनी पयले त्यांची डोकी धुतली, मंग हातात पाटी दिली. आमी म्हणो ना, "आधी डोकं, मग पाटी." अजून म्हणता का तुमी?

हे सारं मी त्या माणसाले हासत हासत सांगितलं. पण गाडीतलं दुसरं कोणीच हासलं नाही. मागचा एक जण म्हणे, "बाई त्याच शाळेतली दिसते." तेव्हापासून मेहकरपर्यंत मी पुढंच उभी राहिली.

ती पोरगी कोण होय व? तुले माहीत असीनच. तिले म्हणा, तोंड उघड. एका शब्दाचं काम आहे, उवा! तेवढं बोलली तं सिस्टर सुटते. लाजून राहिली असीन येडी मयताड. तिच्या मायबापाले तरी कळव म्हणा. अन् तू गेटकडं फिरकू नोको.

तुही भांडखोर,
माया आत्या


अमरावती
रविवार, २३ नोव्हेंबर

आत्या,
जयभीम.

हे मैनाबाईच्या पिशवीतून जाऊन राहिलं, म्हून शुद्धबिद्ध लिहीत नाही. मले लय भेव लागून राहिलं.

काल मधल्या सुट्टीत गेटवर माणसं आली. किती होती मले माहीत नाही, आवाज मात्र साऱ्या अमरावतीचा वाटे. मोठ्या सिस्टरनं सगळ्या वर्गांची दारं-खिडक्या लावाले सांगितल्या. बाहेर फटफटीत ऊन अन् आत अंधार. मले पाचवीच्या वर्गात पाठवलं, पोरींले चूप बसवाले. त्या साऱ्या माह्या अंगाले चिकटल्या. एक पोरगी म्हणे, "ताई, ते आत येतीन का?" मी नाही म्हटलं, अन् माह्याच दातावर दात वाजत होते. मंग एक दगड येऊन पाण्याच्या टाकीवर लागला. टाकी लोखंडी, असा काही आवाज झाला का एका पोरीनं तिथंच लघवी केली. तिले कोणी हासलं नाही.

ऑफिसातला फोन उचलला का माणसं शिव्या देतात, म्हून त्याची वायरच काढून ठेवली. अर्ध्या पोरी घरी गेल्या. माह्या वर्गातल्या रागिणीची आई तिले धरून घेऊन गेली, पेटीबी घेऊ दिली नाही. तिची पेटी माह्या पलंगाजवळ आहे.

मंग पोलीस आले. मी पाण्याचा जग घेऊन ऑफिसात गेली होती. महिला पोलीस सिस्टर फिलोमिनाले विचारत होत्या, "फोटोतली मुलगी कोण?" सिस्टर म्हणे, "मी पोरीचं डोकं धूत होती. तिचं नाव मी सांगणार नाही." "का नाही?" "तिले शब्द दिला आहे." मोठ्या सिस्टर रडकुंडीले आल्या, "फिलोमिना, सांगून टाका ना." पण त्यांनी नुसती मान हालवली. गेटवरून पोलिसांमागं आत आलेला एक माणूस म्हणे, "पाहा, लपवून राहिली. लपवते म्हणजे पाप आहेच." शनिवारी साऱ्या पालकांची सभा आहे. तोपर्यंत मुलगी समोर नाही आली तं सिस्टरले घेऊन जातीन म्हणतात.

आत्या, ती पोरगी मीच होय.

तू म्हणतेस, एका शब्दाचं काम. पण मी स्वच्छतामंत्री आहे व! दर सोमवारी मी बारक्या पोरींचे केस पाहते. सहावीतल्या श्रावणीले मीच साऱ्या वर्गासमोर "उवांचं गोदाम" म्हटलं होतं. अजून तिले पोरी तेच म्हणतात. अन् दिवाळीहून मीच डोकंभर उवा घेऊन आली. प्रार्थनेत मी खाजवत होती ते सिस्टरनं पाह्यलं. साऱ्या पोरी जेवाले बसल्या तेव्हा मले गुपचूप मागं निंबाखाली नेलं. मी त्यांच्या पाया पडली, कोणाले सांगू नका म्हटलं. त्या म्हणे, "काहून सांगीन व? तुह्या उवा, तुही इज्जत." पाणी डोळ्यात गेलं अन् मी बोंबलली. तेवढ्यात शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून कोणीतरी फोटो काढला.

आठ दिवसांनी दुसऱ्यांदा धुवावं लागते, लिखा फुटतात म्हून. ते झालंच नाही. आता सिस्टर माह्याकडं पाहतबी नाहीत, कोणाले माहीत पडू नये म्हून. माहं डोकं दिवसभर खाजते अन् मी हात वर नेत नाही.

सिस्टरले खरंच नेतीन का? मी बोलली तं जिंदगीभर मले काय म्हणतीन माहीत आहे ना तुले? अन् नाही बोलली तं? तूच सांग, मी काय करू. बाबाले सांगू नोको.

वर्षू


अकोला
बुधवार, २६ नोव्हेंबर

वर्षू माय,
जयभीम.

तुहं पत्र वाचलं. सुट्टी टाकून काल हिवरखेडले जाऊन आली. आता जे लिहिते ते शांतपणानं वाच.

तुह्या बाबाले आधीच माहीत पडलं आहे. पिठाच्या गिरणीवर कोणीतरी तो फोटो दाखवला, अन् तुही आजी, माही भागीरथामाय, पट्कन बोलली, "हा तं माह्या वर्षूचा कान!" ल्हानपणी बाळी ओढून तुह्या डाव्या कानाची पाळी फाटली होती ना, तेच पाह्यलं बुढीनं. सिस्टरचा हात तुह्या डोळ्यावर होता, कानावर नव्हता. बिचारी आता कपाळ बडवून राहिली, "मी काहून बोलली, माह्या जिभेले काय झालं होतं?"

सांजच्यापर्यंत तुह्या बाबाच्या, धर्माच्या दुकानात माणसं येऊन बसली. मी गेली तेव्हाबी होतीच. ज्यायनं आपल्या घरचा चहा कधी तोंडाले लावला नाही, ते बाकड्यावर बसून म्हणत होते, "आमची पोरगी, आमची पोरगी." आजीनं उंबऱ्यातूनच आवाज देल्ला, "कवापासून व्हय रे बापा तुमची? माहा सासरा डोमाजी छप्पन साली नागपूरले दीक्षा घ्याले गेला, तो आपल्या पायानं गेला. आमचं डोकं कोणी धरत नसते." धर्मानं तिलेच आत जा म्हटलं.

त्याले बोल लावू नोको. तुहा बाप भेला आहे. जळालेल्या मोटरांची तार परत भरून देण्याचं दुकान त्याचं, गाव रुसलं तं मोटर कोण आणीन? एक जण तं अर्धी गुंडाळलेली मोटर उचलून घेऊन गेला. तक्रारीचा कागद त्यायनं लिहूनच आणला, नुसती सही पाहिजे. धर्मानं अजून केली नाही. "पोरीले विचारून करतो," म्हणाला. शनिवारी तो सभेले येऊन राहिला, अन् ते त्याच्यासंगं.

मी तुहा शब्द मोडला, बाई. उवांचं त्याले सांगितलं. त्याले खरं वाटलं नाही. "नववीतली पोरगी, ते बी स्वच्छतामंत्री, अन् तिच्या डोक्यात उवा? तुले सिस्टरनं पढवलं," म्हणे मले. सख्खा भाऊ असं बोलला.

तू विचारलं काय करू. मागच्या पत्रात मी मोठ्या तोंडानं लिहिलं, तोंड उघड म्हणा तिले. तेव्हा ती दुसऱ्याची पोरगी होती. आता तू आहेस. तू सभेत बोलू नोको. बाबासंगं गुपचूप निघून ये. अकोल्यात माह्या घराजवळ शाळा आहे, मी विचारून ठेवलं. लोक चार दिवस सिस्टरचं नाव घेतीन, पण पोरीचं नाव जलमभर घेतात. सिस्टर म्हातारी आहे, तिच्या मागं तिचे लोक आहेत. तुह्या मागं कोण आहे? मी, अन् एक भेलेला बाप.

ज्या बाईनं माहं डोकं धुतलं तिच्याबद्दल मी हे लिहून राहिली. लिहिताना लाज वाटते, पण फाडत नाही. मले तू पाहिजे.

माया आत्या


अमरावती
रविवार, ३० नोव्हेंबर

आत्या,
जयभीम.

मी अकोल्याले आली नाही हे तुले बाबानं सांगितलंच असीन. पण तो पुरतं सांगणार नाही, म्हून मी लिहिते.

तुहं पत्र मी दप्तरात ठेवलं होतं. मी ठरवलंच होतं, तू म्हणतेस तसं करायचं. पेटीबी भरून ठेवली होती.

सभा मोठ्या हॉलमध्ये होती. पुढं मोठ्या सिस्टर अन् महिला पोलीस, एका बाजूनं पालक, मागं आमी वसतिगृहातल्या उरलेल्या पोरी. बाबा त्या माणसांच्या मधात बसला होता. शर्टाच्या खिशात कागद. मले पाह्यलं अन् त्यानं मान खाली घातली. सिस्टर फिलोमिना एकल्याच एका खुर्चीवर होत्या, जवळच्या खुर्च्या रिकाम्या. त्यांनी हातात एक पिशवी धरली होती. टॉवेल अन् चपला दिसत होत्या आतून. आत्या, त्या जायची तयारी करूनच आल्या होत्या.

त्या माणसांपैकी एक जण उठला. म्हणे, "मुलीचे वडील इथं आहेत, ते सही करून राहिले." बाबा उठला. त्यानं मले मागं पाहून विचारलं, "वर्षू, सांग माय, काय केलं तुले?"

मले वाटलं होतं मी रडीन अन् निघून जाईन. पण मी पुढं गेली. मी म्हटलं, "माह्या डोक्यात उवा आहेत." कोणाले ऐकूच गेलं नाही. महिला पोलीस म्हणे, जोरात बोल. मंग मी बोंबललीच, "उवा! माह्या डोक्यात उवा आहेत! सिस्टर त्या धूत होत्या!"

अन् तो माणूस हासला. "पोरीले पढवलं आहे," म्हणे. "एवढी मोठी पोरगी, कुठं असतीन उवा?" बाबाबी माह्याकडं तसाच पाहून राहिला, जसा तुह्याकडं पाह्यला असीन.

मी वेणी सोडली. मागं पाहून म्हटलं, "कोणाजवळ फणी आहे का?" कोणी हाललं नाही. काहून हालतीन? सोमवारी सोमवारी मी साऱ्यांले टाकून बोलली होती. मंग श्रावणी उठली. उवांचं गोदाम. धावत वसतिगृहात गेली अन् आपली लाकडी फणी घेऊन आली. माह्या हातात देल्ली.

मी बाबाच्या खिशातला पांढरा रुमाल काढला, टेबलावर पोलीसबाईसमोर पसरला, डोकं त्याच्यावर वाकवलं अन् फणी ओढली. दुसऱ्या धुण्याले मुकलेलं डोकं, आत्या. त्या पडल्या अन् चालाले लागल्या. मोठ्या, बारक्या, साऱ्या. मी परत ओढली. मी रडत होती, नाक गळत होतं, अन् ओढतच होती. पोलीसबाई खुर्ची मागं सरकवून उठली. मंग वाकून पाह्यलं अन् म्हणे, "अगं बाई, माझ्या मुलीचं डोकं असंच आहे." अन् तिनं स्वतःचंच डोकं खाजवलं. एका पालकानंबी खाजवलं. मागं पोरी हासल्या. मले वाटलं होतं मी तिथंच मरून जाईन. नाही मेली.

बाबानं रुमाल पाह्यला. लय वेळ पाह्यला. मंग खिशातला कागद काढून त्या माणसाच्या मांडीवर ठेवला. "ही माही पोरगी होय," म्हणे, "तुमची नाही." साऱ्यांले ऐकू गेलं. ते लोक उठून गेले. माफीबिफी कोणी मागितली नाही. एक जण जाता जाता म्हणे, "आज उवा आहेत, उद्या पाहू." ते मले अजून ऐकू येते.

सिस्टर फिलोमिना पिशवी मांडीवर घेऊन बसूनच होत्या. मी जवळ गेली तं म्हणे, "काहून सांगितलं व? मी नसतं सांगितलं." मी म्हटलं, "माह्या उवा, माही इज्जत." त्या हासल्या नाहीत. त्यांनी माह्या डोक्यावर ठेवाले हात उचलला, अन् इकडंतिकडं पाहून परत पिशवीवर ठेवला.

सांजच्यानं मोठ्या सिस्टरनं नवा नियम सांगितला. आजपासून कोणत्याच सिस्टरनं कोणत्याच पोरीच्या अंगाले हात लावायचा नाही. डोकं पुसाले नाही, तापात कपाळ पाहाले नाही. त्यांचंबी काय चुकलं? फोटो अजून फिरूनच राहिला. गेटवर पोलीस बसून आहे.

आज सकाळी बाबा गावाले जाणार होता. गेला नाही. मैनाबाईजवळून सीताफळाच्या बियांचं पाणी करून घेतलं अन् मले म्हणे, चाल. मी निंबाखालच्या धोंड्यावर बसली. बाबानं जिंदगीत कोणाचं डोकं धुतलं नाही, मोटरीत तेल टाकावं तसा तो पाणी टाके. सिस्टर दूर स्वयंपाकघराच्या पायरीवर उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागं बांधून. तिथूनच ओरडून सांगत होत्या, "कानामागं, कानामागं! धर्मेंद्रभाऊ, डोळ्यावर हात धरा, डोळ्यावर! दाबून धरा!" बाबानं माह्या डोळ्यावर हात धरला. त्याच्या हाताले मोटरीच्या वार्निशचा वास येत होता. मले दिसत काही नव्हतं, पण तो गच्चीकडं पाहून राहिला हे मले त्याच्या हातावरून समजत होतं. मान वळली का हात सरके, तरी त्यानं काढला नाही.

आत्या, तू लिहिलं म्हून मी रागावली नाही. मले माहीत आहे तू भेली होती. मी बी अजून भेतेच. पण आता इथंच राहते.

एक काम कर. अकोल्याच्या बाजारात सीताफळाच्या बिया जेवढ्या भेटतीन तेवढ्या वाळवून किसनरावजवळ पाठव. बारक्या पोरी परत आल्या का त्यांची डोकी धुवायची आहेत, श्रावणीचं पयले. सिस्टरले आता हात लावता येत नाही, म्हून मी धुणार. त्या पायरीवरून सांगतीन. गच्चीकडं पाहू नोको म्हणतात मले, पण मी पाहतेच. एका हातानं पोरीचे डोळे झाकीन, दुसऱ्यानं पाणी टाकीन, अन् वर लक्ष ठेवीन.

तुही,
वर्षू